उंच मोटारी, अरुंद रस्ते

भारतात २०२४-२५ या आर्थिक वर्षात ४३ लाखांहून अधिक प्रवासी मोटारी विकल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे ६५ टक्के मोटारी उत्पादकांच्या परिभाषेत ‘युटिलिटी’ वर्गातल्या होत्या. या वर्गात मोठ्या कुटुंबासाठी काढलेल्या काही लांबट गाड्याही मोजल्या जातात. तथापि त्यात सिंहाचा वाटा बोलभाषेत ‘एसयूव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच, रुंद आणि दणकट दिसणाऱ्या मोटारींचा आहे. हॅचबॅक आणि सेडान या दोन्ही जातींच्या मिळून जेमतेम साडेतेरा लाख गाड्या खपल्या. मोटार म्हणजे पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे सामानाची पेटी, असे चित्र ज्या पिढीच्या मनात फियाट आणि ॲम्बॅसडर यांनी कोरले, तिला हे स्थित्यंतर चमत्कारिक वाटेल. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा एका गाडीचाच नव्हे तर एका कल्पनेचाही निरोप समारंभ झाला.

कोणी कोणती मोटार घ्यावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे, त्यात अग्रलेखांनी नाक खुपसण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. मोटार घरच्या अंगणातच उभी राहत असती तर हे म्हणणे मान्य करता आले असते. परंतु ती सार्वजनिक रस्त्यावर धावते, सार्वजनिक जागेत उभी राहते आणि तिच्या वजनाचा धक्का बसलाच तर तो बहुधा दुसऱ्याला बसतो. शिवाय ही आवड केवळ मनातून उपजलेली नाही. करांच्या कोष्टकांनी आणि रस्त्यांच्या दुरवस्थेने ती घडवली आहे. म्हणूनच तिची चिकित्सा करणे आवश्यक आहे.

उंचीचे समर्थन

उंच मोटार घेणारा आपल्या निवडीची जी कारणे देतो ती सगळीच पोकळ आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात रस्त्याला पडणारे खड्डे, कोणतेही मोजमाप न पाळता बांधलेले गतिरोधक, तुंबलेले भुयारी मार्ग आणि गावाकडचा अर्धवट डांबरी रस्ता यांतून खालच्या अंगाची मोटार नेताना तिचा तळ घासतो, तेव्हा चालकाच्या काळजाला घरे पडतात. २६ जुलै २००५ चा जलप्रलय ज्यांनी पाहिला त्यांना जमिनीपासून थोडे वर बसण्यात सुरक्षितता वाटली तर त्यात नवल ते काय? गुडघे दुखणाऱ्या वृद्ध आई-वडिलांना सेडानच्या खोल आसनातून उठवताना होणारी कसरतही खोटी नाही.

परंतु या कारणांना मोजपट्टी लावून पाहिली तर निराळे चित्र दिसते. साध्या हॅचबॅकचा तळ जमिनीपासून साधारण १६० ते १७० मि.मी. वर असतो, मध्यमवर्गीय घेतो त्या छोट्या एसयूव्हीचा तळ १८० ते २०० मि.मी. वर. म्हणजे जी उंची विकत घेतली जाते ती प्रत्यक्षात दोन-तीन सेंटीमीटरची असते. बाकीची उंची छपराची आणि बॉनेटची. या छोट्या एसयूव्हींपैकी बहुतेकींचा सांगाडा हॅचबॅकचाच असतो आणि इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. अंगावर जीपचा डगला आणि आत हॅचबॅकची हाडे, असा हा प्रकार आहे. चिखलात रुतल्यावर डगला कामास येत नाही. साचलेल्या पाण्यातही तळ किती उंच आहे यापेक्षा इंजिन हवा कोठून ओढते हे महत्त्वाचे असते. त्या तोंडाशी पाणी पोचले की कोणत्याही जातीची मोटार बंद पडते. भुयारी मार्गातल्या पाण्यात उंच गाडीचा चालक जे धाडस करतो, ते पुष्कळदा या गैरसमजातून. राहिला वृद्धांच्या गुडघ्यांचा प्रश्न. १९९८ साली आलेल्या सँट्रोने आणि १९९९ साली आलेल्या वॅगन-आरने तो केव्हाच सोडवला आहे. आसन उंच करण्यासाठी मोटार अजस्र करावी लागत नाही.

याउलट सेडानचे गुण आज कोणी सांगत नाही. तिचा गुरुत्वमध्य खाली असल्याने वळणावर ती स्थिर राहते आणि उलटण्याचा धोका कमी असतो. वाऱ्याला अडवणारे तिचे अंग लहान, त्यामुळे द्रुतगती मार्गावर इंधन कमी जळते. गर्दीत थांबत-थांबत चालताना तर वजनाचाच हिशेब चालतो; दर सिग्नलला दोन टनांचा डोलारा शून्यातून ढकलायचा आणि पुढच्या सिग्नलला ती सारी ऊर्जा ब्रेकमध्ये जाळायची, हा व्यवहार महाग पडणारच. १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८०० ही अवघ्या ६५० किलोंच्या आसपास वजनाची, १,४४० मि.मी. रुंदीची मोटार होती. आज मोठ्या एसयूव्हीचे वजन तिच्या तिप्पट असते आणि रुंदी १,८५० मि.मी.च्या पुढे जाते. माणसे मात्र तितकीच बसतात. बहुतेक दिवशी एकच.

ज्यांना खरोखर गरज आहे

दणकट गाडीची खरी गरज असलेला एक मोठा वर्ग महाराष्ट्रात आहे आणि त्याच्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार शहरवासीयांना नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवणारा शेतकरी, लासलगावला कांदा नेणारा, बांधकामावर सिमेंट-सळई वाहणारा छोटा कंत्राटदार यांच्यासाठी पिकअप हे उपजीविकेचे साधन आहे. २००५ साली आलेल्या टाटा एसला लोकांनी आपणहून ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्याला ‘वडाप’ म्हणतात, त्या वाहतुकीतल्या जीपगाड्या एस.टी. जिथे पोचत नाही तिथली माणसे वाहतात. या गाड्यांच्या वजनातला किलो न् किलो कामाला लागतो.

आक्षेप आहे तो कामाचे वाहन हौसेसाठी वापरण्याला. कार्यालयापर्यंतचे आठ-दहा किलोमीटर, मुलांची शाळा, भाजी आणि रविवारचे नाटक या दिनक्रमासाठी डोंगर चढण्याची साधनसामग्री घेऊन फिरणे म्हणजे पळी-पंचपात्राचे काम हंड्याने करण्यासारखे आहे. वर्षातून चार दिवस कोकणात किंवा घाटावर जायचे म्हणून उरलेले ३६० दिवस त्याचे ओझे वाहणाऱ्याने एकदा वही-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. त्या चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने घेतली तरी उरलेल्या वर्षाच्या इंधनात, टायरांत आणि विम्यात तो फायद्यातच राहील.

अमेरिकेचा धडा

हौसेच्या वाटेने समाज कोठवर जातो हे पाहायचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या मोटारींचा अजस्रपणा हा केवळ अमेरिकन वृत्तीचा परिपाक आहे अशी समजूत आहे. परंतु त्याची मुळे कायद्यांत सापडतात, आणि त्यांतले एक मूळ तर चक्क कोंबडीपर्यंत जाते. युरोपच्या सामाईक बाजारपेठेने अमेरिकन कोंबड्यांवर भारी जकात बसवली, तिचा वचपा म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या मालमोटारींवर २५ टक्के आयातकर लावला. कोंबड्यांचे भांडण विसरले गेले, कर मात्र टिकला. परदेशी स्पर्धेपासून पिकअप अशी सुरक्षित झाल्यावर डेट्रॉइटच्या कारखानदारांचे लक्ष तिच्याकडे वळले यात आश्चर्य नाही.

पुढे १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या अमेरिकन काँग्रेसने १९७५ साली इंधनबचतीचा कायदा केला. मोटारींनी १९८५ पर्यंत गॅलनमागे सरासरी २७.५ मैलांचे उद्दिष्ट गाठावे असे ठरले. पण ‘हलक्या मालमोटारीं’ना निराळे आणि सौम्य मोजमाप देण्यात आले. शेतकरी आणि कारागीर यांच्यावर बोजा पडू नये हा त्यामागचा हेतू रास्त होता. कारखानदारांनी त्यात पळवाट शोधली. मालमोटारीच्या सांगाड्यावर गालिचा, चार दरवाजे आणि मऊ आसने बसवली की ती कायद्याने मालमोटार आणि व्यवहाराने कौटुंबिक मोटार झाली. एसयूव्हीचा उत्कर्ष या फटीतून झाला. २००३ साली तर ६,००० पौंडांहून अधिक भारक्षमतेची गाडी धंद्यासाठी घेणाऱ्याला १ लाख डॉलरपर्यंतचा खर्च एकाच वर्षी उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मिळाली. एसयूव्हींपुरती ती दुसऱ्याच वर्षी २५ हजार डॉलरवर आणावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेत सेडान विकणेच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या कंपनीने सामान्य माणसाला मोटार दिली, तिने सामान्य मोटारीचा नाद सोडला.

याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेत २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी मोटारींखाली मेले. २०२२ साली हा आकडा ७,५०० च्या पुढे गेला. गाड्यांचा आकार हे याचे एकमेव कारण नाही. वेग, अंधारे रस्ते आणि चालकाच्या हातातला फोन हेही त्यात भागीदार आहेत. परंतु तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने सुमारे १८,००० अपघात तपासून २०२३ साली जो निष्कर्ष काढला तो डोळेझाक करण्यासारखा नाही. ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. कारण उघड आहे. बुटकी मोटार पायांवर आदळते आणि माणूस बॉनेटवर फेकला जातो; उंच मोटार छातीवर किंवा डोक्यावर आदळते आणि माणूस चाकांकडे ढकलला जातो. मूल असेल तर ते चालकाला दिसतही नाही.

आपले कोष्टक

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. मृतांपैकी जवळजवळ ६४ टक्के लोकांच्या भोवती पत्र्याचे कवचही नव्हते, हा या आकड्यांचा अर्थ. या सर्वांना एसयूव्हीने मारले असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु ज्या देशात रस्त्यावरील बहुसंख्य माणसे उघड्या अंगाने वावरतात, तिथे मूठभरांनी अधिकाधिक जड आणि उंच चिलखत चढवत जावे, ही गोष्ट अमेरिकेपेक्षाही गंभीर आहे. आतल्याची सुरक्षितता वाढवताना बाहेरच्याची घटवणे याला शस्त्रस्पर्धेचेच नाव शोभते. शेजाऱ्याने उंच गाडी घेतली, तिच्यामागे आपल्याला पुढचे दिसत नाही, म्हणून आपणही घ्यायची; अशाने सगळेच उंच झाले की पुन्हा कोणालाच काही दिसत नाही.

सरकारला याची जाण कधीच नव्हती असे नाही. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. हेतू लहान मोटारीला उत्तेजन देण्याचा होता. परिणाम असा की कारखानदारांनी सेडानची शेपटी छाटली आणि एसयूव्हीलाही त्याच मापात बसवले. कित्येक गाड्यांची लांबी आज नेमकी ३,९९५ मि.मी. असते, हा काही योगायोग नव्हे. २०१३ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी एसयूव्हीवरील शुल्क २७ वरून ३० टक्के केले आणि या गाड्या रस्त्याची व पार्किंगची जागा अधिक व्यापतात म्हणून त्यांनी अधिक कर द्यावा, असे स्वच्छ कारण दिले. तत्त्व बिनतोड होते. परंतु एसयूव्ही म्हणजे काय, याची व्याख्या १,५०० सी.सी.हून मोठे इंजिन, चार मीटरांहून अधिक लांबी आणि तळाची किमान १७० मि.मी. उंची अशी बांधली गेली. व्याख्या आली की पळवाट येते. तळ थोडा खाली घेऊन व्याख्येतून निसटण्याचा मार्गही निघाला. पुढच्याच वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर मांडलेल्या हंगामी अर्थसंकल्पात, तेच शुल्क २४ टक्क्यांवर उतरले.

वस्तू व सेवा कर आल्यानंतर उपकर धरून मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के, तर मध्यम सेडानवर ४५ टक्के भार होता. फरक अल्प असला तरी तत्त्व जिवंत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांनी तेही पुसले. चार मीटरांच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला, मग ती हॅचबॅक असो की छोटी एसयूव्ही, १८ टक्के. आणि त्यापलीकडच्या सगळ्यांना सरसकट ४० टक्के. साधारण १,१०० किलोंची सेडान आणि दोन टनांहून जड एसयूव्ही आता एका पंगतीला बसल्या आहेत. विजेवरच्या गाड्यांना, वजन काहीही असो, ५ टक्के. महाराष्ट्राचा वाहनकरही किंमत आणि इंधन पाहतो. वजन पाहत नाही. रस्त्याला मात्र वजनच कळते, किंमत कळत नाही.

खड्ड्यांवरून उंच उठणे

तथापि करांच्या कोष्टकाहून खोल असे एक कारण आहे. पालिकेचे पाणी येत नाही म्हणून टँकर, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, सरकारी शाळा खालावली म्हणून खासगी शाळा. त्याच मालिकेत, रस्त्याला खड्डे म्हणून एसयूव्ही. सार्वजनिक अपयशावर खासगी तोडगा काढण्याची सवय आपल्या मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली आहे. या सवयीतला खरा धोका असा की ज्याच्या तक्रारीला वजन आहे तो तक्रार करणेच सोडून देतो. मंत्री आणि अधिकारी ॲम्बॅसडरमधून फिरत तेव्हा खड्ड्याचा हिसका त्यांच्याही मणक्याला बसत असे. आता त्यांचे ताफे अशा गाड्यांचे आहेत की खड्डा आला काय आणि गेला काय, आतल्याला पत्ता लागत नाही. मे २०१७ पासून लाल दिवे गेले, उंची राहिली. बडे लोक खड्ड्याच्या वर उचलले गेले, स्कूटरवरचा कारकून आणि सायकलवरचा दूधवाला खड्ड्यातच राहिले. रस्ता दुरुस्त होण्यासाठी लागणारा जनमताचा रेटा अशा रीतीने रबरी टायरांत आणि मऊ स्प्रिंगांत जिरून जातो.

यावर उपाय नाहीत असे नाही. फ्रान्सने २०२२ पासून १,८०० किलोंहून जड नव्या गाडीवर प्रत्येक जादा किलोमागे कर बसवला आणि २०२४ साली ती मर्यादा १,६०० किलोंवर आणली. पॅरिसने फेब्रुवारी २०२४ मध्ये कौल घेऊन परगावच्या जड गाड्यांचे पार्किंगशुल्क तिप्पट, म्हणजे मध्यवर्ती भागात ताशी १८ युरो केले. मतदान सहा टक्क्यांहूनही कमी झाले हे खरे. पण विजेच्या गाड्याही दोन टनांच्या वर गेल्या तर त्यातून सुटल्या नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जपानने तर १९६२ सालीच गाडी ठेवण्याची जागा दाखवल्याशिवाय ती बाळगता येणार नाही असा कायदा केला आणि ३.४ मीटर लांबीच्या, ६६० सी.सी.च्या ‘केई’ मोटारींना सवलती देऊन आपल्या अरुंद गल्ल्या वाचवल्या. महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनीही मे २०२५ मध्ये पार्किंगच्या दाखल्याविना नोंदणी नाही, असे सूतोवाच केले होते. दाखला मागायचाच तर तो गाडीच्या लांबी-रुंदीसह मागावा.

केंद्राने व राज्याने वजनाला कराचा पाया करावा. किलोगणिक चढत जाणाऱ्या कराला व्याख्या लागत नाही, त्यामुळे पळवाटही राहत नाही, ३,९९५ मि.मी.ची जादू तिथे चालत नाही. मालवाहू पिकअप आणि वडापसारखी प्रवासी वाहतूक यांना त्यातून वगळावे. महानगरपालिकांनी पार्किंगचे दर जागेच्या चौरस मीटरांवर ठरवावेत. मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देण्याची व्यवस्था देशात ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. तीत बाहेरच्या माणसाच्या जिवाला आतल्याच्या जिवाइतकेच मोल मिळावे. आणि या करातून येणारा पैसा पदपथ, गतिरोधकांची शास्त्रशुद्ध मापे, पावसाळी गटारे आणि बसगाड्या यांवरच खर्चावा, म्हणजे उंच गाडी घेण्याचे मूळ कारणच उरणार नाही. मुंबईच्या ‘बेस्ट’चा ताफा पंधरा वर्षांत चार हजारांहून अधिक गाड्यांवरून तीन हजारांच्या खाली घसरू द्यायचा आणि मग रस्त्यावर मोटारी वाढल्या म्हणून कपाळाला हात लावायचा, हा दुटप्पीपणा पुरे झाला.

नव्या मोटारीसाठी दुकानाची पायरी चढणाऱ्या नागरिकालाही एक विनंती आहे. विक्रेता त्याला डोंगर, वाळवंट आणि बर्फ यांची चित्रे दाखवील. त्याने मनासमोर आपल्या घराच्या गल्लीचे तोंड, शाळा सुटताना भरणारा रस्ता आणि कार्यालयाखालची जागा आणावी. तिथे जी मोटार सुखाने वळते, थांबते आणि चालणाऱ्याला वाट देते, ती त्याची मोटार. ती सेडान असेल, हॅचबॅक असेल. क्वचित, खरी गरज असेल तिथे, एसयूव्हीही असेल. रस्त्याचे खड्डे मात्र तिने ओलांडायचे नसतात. ते बुजवायचे असतात, आणि ते काम मोटारीच्या कारखान्याचे नसून नगरपालिकेचे व तिला जाब विचारणाऱ्या नागरिकाचे आहे.